जिथं भार तिथं जीन्स, जिथं घेर तिथं प्रिंट

नमस्कार श्रोतेहो, आणि खास करून नमस्कार त्या सगळ्यांना ज्यांच्या घरात शिलाई मशीन आहे पण त्यावर सध्या इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग आहे. आज आपण जुन्या जीन्स आणि प्रिंटेड कॉटन यांच्यापासून पिशव्या आणि स्कर्ट कसे शिवायचे यावर बोलूया. रेडिओवर दाखवता काही येत नाही त्यामुळे मापं मी सावकाश सांगते, कागद पेन जवळ घेऊन बसा.

आधी हे सांगते की जीन्सच का. आपल्याकडे जुने कपडे वाया घालवायची पद्धत कधीच नव्हती, साडीची गोधडी व्हायची, धोतराची दुपटी व्हायची, उरलेलं बोहारणीला देऊन त्यावर पातेलं मिळायचं. पण जीन्स या सगळ्यात कुठेच बसत नाही, गोधडीला जड, फरशी पुसायला घेतली तर पाणी शोषून दगड होते आणि पिळता पिळत नाही. मग ती कपाटात वर्षानुवर्षं पडून राहते, कमरेला होत नाही आणि टाकवतही नाही. आणि ती टाकू नये असं मला अगदी मनापासून वाटतं, कारण लेव्हीज कंपनीने स्वतःच २०१५ मध्ये हिशोब मांडला होता की त्यांच्या एका जीन्सपाठी कापूस पिकवण्यापासून ते घरी धुण्यापर्यंत सगळं धरून साधारण ३७८१ लिटर पाणी लागतं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या गावांमध्ये हा आकडा काय आहे हे मी वेगळं सांगायला नको. तो कापूस विदर्भातल्या शेतकऱ्याचाही असू शकतो. मग मांडीला विरली आणि बाकी धडधाकट आहे अशी जीन्स फेकून द्यायची म्हणजे जिवावर येतं.

आता डेनिम म्हणजे नक्की काय ते समजून घ्या, कारण ते समजलं की कुठं काय वापरायचं ते आपोआप सुचतं. डेनिममध्ये उभे धागे निळे रंगवलेले असतात आणि आडवे पांढरे, म्हणून उलटी बाजू फिकट दिसते. विणच अशी तिरकी असते की बघा जवळ धरून, बारीक तिरप्या रेघा दिसतील. निळीचा रंग धाग्याच्या आतपर्यंत जात नाही, वरवर बसतो, म्हणून घासलं जाईल तिथं पांढरं पडतं. आणि कापड जाड किती, तर १२ औंसाचं डेनिम म्हणजे एका चौरस वाराला साधारण ३४० ग्रॅम, आपलं नेहमीचं प्रिंटेड कॉटन त्याच्या पावपट वगैरे भरतं. म्हणजे एक भक्कम आणि दुसरं हलकं, झुळझुळीत. माझा सगळा नियम एवढाच आहे की जिथं भार येणार तिथं जीन्स आणि जिथं घेर पाहिजे तिथं प्रिंट. बऱ्याच जणी उलट करतात, पिशवीचे बंद प्रिंटचे लावतात आणि स्कर्टला खाली जीन्सच्या चुण्या घालतात, मग बंद दोन महिन्यात तुटतात आणि स्कर्ट घंटेसारखा कडक उभा राहतो.

पिशवीपासून सुरुवात करू, सोपी आहे. जीन्सचा पाय आतल्या शिवणीवर उसवा, बाहेरची जाड शिवण राहू दे, ती दिसायला छान दिसते. पाय उघडला की एक मोठा तुकडा मिळतो, वर रुंद खाली अरुंद. त्यातून १६ इंच रुंद आणि १८ इंच उंच असा एक तुकडा, आणि दुसऱ्या पायातून दुसरा. स्लिम फिट असेल तर रुंदी भरणार नाही, तिथं दोन्ही बाजूंना प्रिंटची पट्टी जोडा आणि त्या पट्टीच्या मागे कॅनव्हास किंवा फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं कडक कापड, लावा नाहीतर ती लोंबते. मागचा खिसा उसवून पिशवीच्या बाहेर लावायचा, बसचं तिकीट, चिल्लर ठेवायला. पण खिशाच्या कोपऱ्याला तांब्याची बटणं असतात ना छोटी, रिव्हेट म्हणतात त्याला, तिथून सुई दूर ठेवा, मोडून उडालेला तुकडा डोळ्यात जाऊ शकतो.

या रिव्हेटची गोष्ट मला फार आवडते. जेकब डेव्हिस नावाचा एक टेलर होता अमेरिकेत नेवाडामध्ये, मजुरांच्या पँटचे खिसे सारखे फाटायचे तर त्याने ताण येतो त्या कोपऱ्यांवर घोड्याच्या सामानाला वापरतात तसले रिव्हेट ठोकले. कापड घ्यायचा लेव्ही स्ट्रॉसकडून, पेटंटला पैसे नव्हते म्हणून त्यालाच भागीदार केलं आणि २० मे १८७३ ला दोघांना पेटंट मिळालं. एका शिंप्याने ताण कुठं येतो ते ओळखलं, एवढंच. आपल्या पिशवीतही ताण ओळखायचा आहे आणि तो येतो बंद जिथं पिशवीला जोडला जातो तिथं. म्हणून बंदाचं टोक नुसतं वरच्या काठात खुपसू नका, पिशवीवर दोन इंच खाली उतरवा, चौकोनी टीप मारा आणि त्या चौकोनात फुली मारा, फुलीवर दोनदा जा. पाच किलो कांदे-बटाटे भरले तरी हलणार नाही.

बंद करताना जीन्सची चार पदरी घडी घालू नका, मशीन खेचत नाही. २६ इंच लांब दोन इंच रुंद अशी एक पट्टी डेनिमची आणि तेवढीच प्रिंटची, दोन्हीच्या कडा अर्धा-अर्धा इंच आत दुमडून एकावर एक ठेवायच्या आणि दोन्ही बाजूंनी टीप. किंवा सरळ खाटेची नवार असते ती सुती पट्टी आणा, इतकी मजबूत वस्तू दुसरी नाही.

अस्तर प्रिंटचं, आणि माझं ऐका, अस्तर फिकट रंगाचं घ्या. काळ्या-गडद अस्तराच्या पिशवीत किल्ली शोधताना दारात उभं राहून जीव जातो. तळ रुंद पाहिजे असेल तर खालच्या कोपऱ्यात बाजूची शिवण आणि तळाची शिवण एकावर एक आणायची, टोक त्रिकोणी होतं, तिथं चार इंच रुंदी येईल त्या जागी आडवी टीप मारायची. झालं, पिशवी उभी राहते. आणि प्रिंट बाहेरून वापरत असाल, हत्ती-मोर असं एका दिशेचं असेल, तर एकच लांब तुकडा तळाशी दुमडून शिवू नका, मागच्या बाजूचे हत्ती उलटे होतात. दोन तुकडे कापून तळाला जोड घ्यायचा.

आता मशीन. घरची साधी मशीन डेनिम शिवते, फक्त सुई १६ नंबरची घाला, ब्लाऊजची ११ नंबरची नाही. टाका मोठा ठेवा, तीन-साडेतीनवर. जिथं शिवणीवर शिवण येते तिथं सहा-आठ पदर होतात आणि मशीन अडते, तर ती जागा आधी बत्त्याने ठोकून सपाट करा, खरंच खलबत्त्यातल्या बत्त्याने, खाली फरशी किंवा पाट, वर एक फडकं. मग तिथं पायडल मारायचं नाही, चाक हाताने फिरवत फिरवत दोन-चार टाके काढायचे. अजून एक युक्ती, मशीनचा पाय पुढे वर उचलला जातो आणि मागे खाली असतो म्हणून टाके सुटतात, तर मागच्या बाजूला पायाखाली डेनिमचाच घडी केलेला तुकडा सरकवा म्हणजे पाय समपातळीत येतो. वरून दिसणाऱ्या टिपेला विटकरी-हळदी रंगाचा जाड दोरा घातला की अगदी जीन्सची टीप दिसते, बॉबिनमध्ये, म्हणजे खालच्या रिळात, मात्र नेहमीचाच दोरा.

स्कर्ट. माझ्या मते सगळ्यात सोपा आणि सगळ्यांना शोभणारा स्कर्ट म्हणजे वर जीन्स, खाली प्रिंटच्या दोन झालरी. जीन्सची कंबर, चेन, बटण, बेल्टचे लूप हे सगळं जे शिवायला अवघड असतं ते तयार मिळतं, हे केवढं काम वाचलं बघा. चेन जिथं संपते तिथून एक इंच खाली गोल सरळ कापा. कापताना पुढच्या खिशाची आतली पांढरी थैली खाली लोंबत असते ती वर दुमडून पिन लावा नाहीतर तीही कापली जाते, नंतर ती छोटी करून बंद करा. मागचे खिसे कापात येत असतील तर आधी उसवून काढा. समोरची आणि मागची मधली शिवण थोडी गोल वळलेली असते ती दोन इंच उसवून सपाट बसवून परत टीप मारा.

समजा कापलेल्या जागी घेर ४० इंच आहे. पहिली झालर त्याच्या दीडपट म्हणजे ६०, दुसरी पहिलीच्या दीडपट म्हणजे ९०. आपल्या कॉटनचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४४ इंच असतो. तर पहिलीला दीड पन्हा, दुसरीला दोन पन्हे, जोडाच्या शिवणी धरून ९० ला चार इंच कमी पडतील ते पडू देत, चुण्यात कळत नाही. प्रत्येक पट्टी १२ इंच उंच कापली तर चार पट्ट्यांना ४८ इंच, दीड मीटर कापड आणा म्हणजे धुतल्यावर आटलं तरी पुरतं. गुडघ्याखाली येतो. घोट्यापर्यंत पाहिजे असेल तर तिसरी झालर तीन पन्ह्यांची आणि कापड अडीच मीटर.

चुण्या घालताना एक टीप मारून ओढू नका, दोन समांतर टिपा मारा मोठ्या टाक्याच्या, पाव इंचावर आणि अर्ध्या इंचावर, खालचे दोन्ही दोरे एकदम ओढा, चुण्या सारख्या पडतात. जीन्सला आणि झालरीला दोन्हीला चार-चार खडूच्या खुणा करा आणि खूण खुणेला जोडा. चुण्यांची बाजू वर ठेवून शिवा, डोळ्याला दिसतं कुठं घडी अडकते ते. मग शिवण वर जीन्सकडे वळवून वरून एक टीप.

कमरेलाच घट्ट झालेली जीन्स असेल तर? दोन्ही बाजूच्या शिवणी कमरेपासून उसवा आणि तिथं प्रिंटची वर रुंद खाली निमुळती पाचर घाला, आतून डेनिमचा आधार देऊन. मुलींची उंची वाढून जीन्स तोकडी होते पण कंबर बसत असते, त्यांच्यासाठी तर हा झालरीचा स्कर्ट म्हणजे अजून दोन वर्षं निघाली.

प्रिंट कुठलं घ्यायचं, तर ज्याला निळ्याबरोबर जमतं ते. मला स्वतःला अजरख सगळ्यात आवडतं, कच्छचं ठशांनी छापलेलं कापड, त्यात नीळ आणि मंजिष्ठाचा लाल असतो, आणि नीळ नीळेला ओळखते. आंध्रातल्या मच्छलीपट्टणची कलमकारी, राजस्थानातल्या बगरूचं ब्लॉकप्रिंट, सगळं चालतं. खणाची पट्टीसुद्धा डेनिमवर काय दिसते, ती छापील नाही विणलेली आहे पण खिशाला लावून बघा. पुण्यात रविवार पेठेत, मुंबईत मंगलदास मार्केटमध्ये कटपीस मिळतात, पिशवीला तेवढं बास. पण कापड आणलं की कापायच्या आधी धुवायचं, मोकळ्या पाण्यात, वेगळं. जुनी जीन्स आटून आटून थकलेली असते, नवीन कॉटन पहिल्या धुण्याला मीटरमागे दीड-दोन इंच सहज आटतं. न धुता जोडलं तर पहिल्या धुण्यानंतर जोडावर सगळीकडे सुरकुत्या, आणि लाल रंग सुटला तर पांढऱ्या अस्तराची वाट.

विकणाऱ्या बायकांसाठी एक बोलते, कारण यावर मला रागच येतो. जुन्या जीन्सची पिशवी म्हणून लोक शंभर रुपये देऊ करतात, आणि आपणही देऊन टाकतो. जीन्स फुकट होती, तुमचे तीन तास फुकट नव्हते. उसवणं, धुणं, इस्त्री, अस्तर, दोरा, सुई, सगळं मांडा वहीत आणि तासाची मजुरी धरूनच किंमत सांगा. २०१८ पासून आपल्या राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, चांगल्या पिशवीला गिऱ्हाईक आहे, भाव पाडून विकायची गरज नाही.

आणि जीन्सचं काम संपलं की उठायच्या आधी शटल उघडा. आत निळा भुसा साचलेला असतो, ब्रशने काढा, तेलाचा एक थेंब घाला, आणि चिंधीवर दोन-चार ओळी टीप मारून घ्या. नाहीतर दुसऱ्या दिवशी पांढरा ब्लाऊज शिवायला घ्याल आणि पहिल्याच टिपेला निळी-काळी रेघ उमटेल. मापांबद्दल काही विचारायचं असेल तर आपल्या स्टुडिओत फोन करा, पुढच्या वेळी तुमच्याच प्रश्नांवर बोलूया. नमस्कार.