नांगर टाकायला भाडं नाही

(दृश्य : कालव्याचं दार. आडव्या तुळईला टेकलेल्या दोन पाठी.)

हे दार हातांनी ढकलत नाहीत. तुळईला पाठ लावायची, टाचा रोवायच्या आणि रेटत मागे मागे जायचं. आत-बाहेरचं पाणी एका पातळीला आलं नसेल, तर कितीही जोर लावा, दार तसूभर हलणार नाही. पातळी जुळली की एकटा माणूससुद्धा ते उघडतो.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा क्रिनन कालवा. 1801 साली खुला झालेला. लांबी जेमतेम 14 किलोमीटर, पण वाटेत 15 लॉक, म्हणजे बोटीला टप्प्याटप्प्याने वर चढवणारे आणि पुन्हा समुद्राच्या पातळीला उतरवणारे दगडी हौद. कालवा नसता, तर किंटायरच्या लांबलचक द्वीपकल्पाला उघड्या समुद्रातून वळसा पडला असता. 1847 मध्ये राणी व्हिक्टोरिया इथून गेली, घोड्यांनी ओढलेल्या नावेतून. दारं रेटायचं काम अर्थातच दुसऱ्यांकडे असणार.

आता या दोघांच्या हातांकडे बघा, ह्या बाई आणि हे गृहस्थ. दारातली झडप बाई पूर्ण उघडत नाहीत. एकदम उघडली तर पाणी उसळून आत शिरतं आणि बोट भिंतीवर आदळते. म्हणून थोडी उघडायची, थांबायचं. बोट वर येते तसा दोर सैल पडतो, तो बोटीवरून गृहस्थ आवळत राहतात. मग झडप आणखी थोडी. दोघांत एक शब्द नाही.

दोघांच्या नोकऱ्या संपल्या, घर विकलं. आता घर म्हणजे ही दहा मीटरची शिडाची बोट.

(दृश्य : शेवटचं लॉक, समोर समुद्र. चार्ट टेबलावर भरतीचं कोष्टक.)

इथून पुढे वेळ पाण्याने ठरवायची. कोष्टकात ओबान बंदराची भरतीची वेळ, तिच्यापुढे पेन्सिलीने केलेली अधिक-उणे. कारण समोर डोरस मोरची अरुंद वाट आहे. उधाणाच्या दिवसांत तिथे पाण्याला आठ नॉटपर्यंत ओढ असते, म्हणजे ताशी जवळजवळ 15 किलोमीटर. चांगला वारा मिळाला तर ही बोट पाच-सहा नॉटने जाते. उलट्या पाण्यात सापडलात, तर शिडं टरारून फुगलेली असतील आणि बोट मात्र मागे जात असेल. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीला, हेच पाणी बरंच नरम असतं.

डाव्या हाताला ती दोन बेटं दिसताहेत, जुरा आणि स्कार्बा. त्यांच्यामधली फट म्हणजे कोरीव्रेकन. पाण्याखाली तिथे खडकाचा सुळका आहे. त्याचा माथा पृष्ठभागाच्या सुमारे 30 मीटर खाली येतो, धावतं पाणी त्याला धडकून वर उसळतं आणि भोवरे धरतं. ऑगस्ट 1947 मध्ये इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल इथे बुडता बुडता वाचला. जुरावर कादंबरी लिहायला येऊन राहिला होता, सोबत छोटा मुलगा आणि भाचरं. भरतीचा अंदाज चुकला, बोटीचं इंजिन निखळून समुद्रात गेलं. खडकावर अडकलेल्या सगळ्यांना शेवटी शेवंडी पकडणाऱ्या कोळ्यांनी सोडवलं.

भरतीचं पाणी या फटीतून पश्चिमेला खेचतं. म्हणून हे दोघं पूर्वेची बाजू सोडत नाहीत.

(दृश्य : पुलडोरन. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, गुडघे टेकून बसलेल्या बाई, हात साखळीवर.)

सील बेटाच्या कुशीतली ही निवाऱ्याची जागा, पुलडोरन. इथला हिशेब सरळ आहे. आत्ता ओहोटी, खोली चार मीटर. भरतीला तीन मीटर चढतील, झाले सात. त्याच्या चौपट, म्हणजे 28 मीटर साखळी सोडायची. मग इंजिन हळूच मागे घ्यायचं आणि साखळीवर तळवा ठेवायचा. साखळी थरथरली, तर नांगर तळावरून घसरतोय. हाताला ताठ लागली, तर रुतला.

आणि याचं भाडं? शून्य. मरीना म्हणजे पाण्यावरचं पार्किंग. बोटीची लांबी मोजून रोजचे पैसे घेतात. इथला बहुतेक समुद्रतळ राजसत्तेच्या मालकीचा आहे. तिथे बोट बांधायला कायमचा तरंगता बोया बसवायचा तर परवाना लागतो. पण वाटेत थांबून स्वतःचा नांगर टाकणं हे जलप्रवासाच्या सार्वजनिक हक्कातच येतं. कुणाला विचारायचं नाही, पावती नाही. आम्हाला विचाराल, तर फिरत्या माणसासाठी याहून मोठी सोय या किनाऱ्यावर दुसरी नाही.

नांगर-साखळीने तळाचं सागरी गवत उपटलं जातं. मार्ल नावाचं कडक शेवाळ तर वर्षाला मिलिमीटरभरच वाढतं. तिथे नांगर टाकू नये, एवढं खरं.

टेकडीपलीकडे क्लॅखनचा पूल. अठराव्या शतकाच्या अखेरीला बांधलेली दगडाची एकच कमान. खालची चिंचोळी खाडी दोन्ही टोकांना समुद्राला मिळते, म्हणून याला अटलांटिकवरचा पूल म्हणतात. दोघं रबरी होडीतून उतरून तिथवर चालत जाऊन आलेत. पायताणं चिखलाने भरलीत.

उद्या मल बेटालगतच्या सामुद्रधुनीतून टोबरमोरी बंदर. पाणी सोबतीला हवं, म्हणून उजाडताच नांगर वर. गोड्या पाण्याची टाकी तळाला गेलीय आणि मळक्या कपड्यांची पिशवी बंद होत नाही. टोबरमोरीच्या धक्क्यावर नळ आहे. तिथे एका रात्रीचं भाडं भरतील.