पिनकोड चुकला, फायली गेल्या

मंडळी, पत्रिकेत विषय दिलाय 'फॉर्म नापास झाल्यावर अपलोडचं काय करायचं'. उपाय सांगणार आहेच. पण आधी तक्रार मांडू द्या, कारण दुखणं कुठे आहे ते दिसल्याशिवाय हा उपाय पटत नाही.

नवी पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेतली मुलगी डोळ्यांपुढे आणा. भरतीचा अर्ज भरतेय. फोटो ५० केबीच्या आत, सही २० केबीच्या आत, गुणपत्रिका आणि जातीचा दाखला पीडीएफमध्ये. फोटो त्या मापात बसवायलाच सायबर कॅफेत अर्धा तास गेलेला. पिनकोड ४११०३० ऐवजी ४११०३ पडला. सबमिट दाबलं, पान परत आलं. नाव आहे, पत्ता आहे, पिनकोडखाली लाल ओळ आहे. चारही फायली गायब, आणि त्याबद्दल पानावर एक अक्षर नाही. तिनं शून्य टाकलं, पुन्हा दाबलं. आता म्हणे 'फोटो जोडा'! अहो, तो फोटो पहिल्याच खेपेला सर्व्हरवर सुखरूप पोचला होता. आपल्या कोडनं तो सांभाळला नाही.

यात ब्राउझरला दोष देऊ नका. फायलीची चौकट सर्व्हरला आधीच भरून पाठवता आली असती, तर कुठल्याही साइटनं तुमच्या संगणकावरची हवी ती फाइल ओढून नेली असती. फॉर्ममधून फाइल पाठवण्याची पद्धत १९९५ साली आरएफसी १८६७ या इंटरनेटच्या पद्धती मांडणाऱ्या दस्तऐवजात मांडली गेली, तेव्हाच त्यात बजावलंय, की वापरणाऱ्यानं स्वतः सांगितलेली नसेल अशी फाइल पाठवू नये. जावास्क्रिप्टनं त्या चौकटीत काय आहे ते विचारलं, तर 'सी:\फेकपाथ\' आणि पुढे फायलीचं नाव एवढंच मिळतं. खरा पत्ता ब्राउझर सांगत नाही, आणि ते योग्यच आहे.

आता पीएचपी या सर्व्हरवरच्या भाषेत लिहिणाऱ्यांसाठी एक, कारण यात फार लोक अडकतात. अपलोड झालेली तात्पुरती फाइल स्क्रिप्ट संपली की आपोआप पुसली जाते. दुसरं, पोस्ट_मॅक्स_साइझ, म्हणजे फॉर्ममधून एका खेपेला येणाऱ्या सगळ्या माहितीची मर्यादा, मुळात ८ एमबी असते. ती ओलांडली, की नुसत्या फायली नव्हे, पोस्टमधलं सगळंच रिकामं येतं. मग सगळं भरलेल्या माणसाला 'नाव भरा, पत्ता भरा' असं सुनावलं जातं. फॉर्म आपल्याच पानावरून आलाय हे ओळखायची खूण, म्हणजे सीएसआरएफ टोकनही गेलेलं असतं, म्हणून कधी 'पान कालबाह्य झालं' असंही दिसतं. पोस्ट रिकामी पण कंटेंट-लेंग्थ (ब्राउझरनं कळवलेला एकूण आकार) मोठी असेल, तर 'फाइल मोठी आहे' असं स्पष्ट सांगा. तुमच्या कोडच्या पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची मूळ मर्यादा १ एमबीच आहे. तो ४१३ हा 'फार मोठं आहे' असा एरर कोड देऊन दारातूनच परत पाठवतो, तुमचा कोड चालतच नाही.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा उपाय भराभर सांगतो.

फायलीची तपासणी बाकी रकान्यांपासून वेगळी करा. आकार बघा, आणि प्रकार फायलीच्या पहिल्या बाइट्सवरून ओळखा: जेपेगला एफएफ डी८ एफएफ. ब्राउझरनं सांगितलेल्या प्रकारावर विसंबू नका. फाइल ठीक असेल, तर पिनकोड चुकलेला असला तरी ती वेब रूटच्या, म्हणजे थेट पत्त्यानं उघडता येणाऱ्या फोल्डरच्या बाहेर, स्वतः बनवलेल्या यादृच्छिक नावानं ठेवा. तिचं सही केलेलं टोकन, म्हणजे सर्व्हरला पडताळता येणारी खूण, लपलेल्या रकान्यात घाला आणि ते त्या माणसाच्या सेशनशी बांधा, नाहीतर दुसऱ्याचा दाखला भलत्याच अर्जाला लागेल. परत आलेल्या पानावर फोटो छोटा करून दाखवा. शेजारी नाव, आकार आणि 'बदला', 'काढा' ही बटणं. नवी फाइल निवडली तर नवीच धरायची. सगळं पास झालं, की मगच कायमच्या जागी हलवा.

रेल्स या फ्रेमवर्कमध्ये यासाठी तयार सोय आहे: कॅरियरवेव्हचं कॅश फील्ड आहे, अ‍ॅक्टिव्ह स्टोरेजची साइन्ड आयडी आहे. जँगोत आणि साध्या पीएचपीत हे हातानं बांधावं लागतं. जावास्क्रिप्टच्या फेचनं फॉर्म पाठवून ४२२ (माहितीत चूक आहे असा कोड) आणि चुकांची यादी परत घेतली, तर पान बदलत नाही आणि निवडलेल्या फायली जागच्या जागी राहतात. तरीही सर्व्हरकडची सोय ठेवाच, कारण स्क्रिप्ट अर्धवट उतरली, की फॉर्म जुन्याच वाटेनं जातो.

बेवारस फायली २४ तासांनी क्रॉननं, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामानं, पुसा. लोकांची कागदपत्रं आहेत ती. आणि टोकन आलेलं असेल तेव्हा फायलीच्या चौकटीवरचं 'रिक्वायर्ड' (भरणं सक्तीचं) काढायला विसरू नका. ते राहिलं, तर सर्व्हरकडे फाइल असूनही ब्राउझर फॉर्म पुढे जाऊच देत नाही.