कुतचा वेढा आणि हवाई रसदीचं गणित

श्रोतेहो, नमस्कार. वेढ्यात अडकलेल्या फौजेला विमानातून रसद पोचवण्याचा पहिला मोठा प्रयत्न झाला तो एप्रिल १९१६मध्ये, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत गावात ब्रिटिशांच्या हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन डिसेंबरपासून तुर्कांच्या वेढ्यात होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. तेव्हा ही हकिगत आपल्या घरचीच.

गरज होती रोज ५ हजार पौंड धान्याची. विमानं होती हलकी, टेहळणीसाठी बनवलेली. गोण्या बांधल्या की त्यांची उडतानाच दमछाक व्हायची. १५ ते २९ एप्रिलदरम्यान सुमारे १४० खेपा झाल्या आणि साधारण १९ हजार पौंड माल टाकला गेला. म्हणजे खेपेला सव्वाशे-दीडशे पौंड आणि दिवसाला जेमतेम गरजेचा पाव हिस्सा. त्यातल्याही काही गोण्या नदीत पडल्या, काही थेट तुर्कांच्या खंदकात. २४ एप्रिलच्या रात्री नदीतून निघालेल्या ‘जुलनार’ या एकट्या आगबोटीवर २७० टन रसद होती. ती पकडली गेली आणि २९ तारखेला कुत पडलं. वैमानिक हिमतीत कुठेच कमी नव्हते, हे आवर्जून सांगायला हवं.

पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात तांदूळ पॅराशूटविना टाकताना पोतं गच्च भरत नसत. अर्धवट भरलेलं पोतं दुसऱ्या मोठ्या पोत्यात घालायचं. आपटून आतलं फुटलं तरी दाणे बाहेरच्यात राहतात.

पण खरी शिस्त बसली ती बर्लिनमध्ये. १९४८मध्ये सोव्हिएत रशियानं पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे बंद केल्या, आणि सगळा माल विमानानंच न्यावा लागला. शहराला रोज ४,५०० टन माल लागायचा. स्कायमास्टर हे अमेरिकेचं चार इंजिनांचं मालवाहू विमान साधारण १० टन नेई. म्हणजे दिवसाला ४५० विमानं उतरायला हवीत, दर तीन मिनिटांना एक. १३ ऑगस्टला पाऊस आणि खाली आलेले ढग यांमुळे बर्लिनच्या टेंपलहॉफ विमानतळावर अपघात झाले आणि मागची विमानं आकाशात घिरट्या घालत अडकली. या हवाई रसदीचे प्रमुख, अमेरिकेचे जनरल टनर यांनी नियमच केला: पहिल्या प्रयत्नात उतरता आलं नाही, तर माल घेऊन तसंच परत फिरायचं. घिरट्या बंद. वैमानिकांनी विमानापासून दूरही जायचं नाही. हवामानाची माहिती आणि खाणं जीपमधून तिथेच यायचं, तोवर जर्मन कामगार विमान रिकामं करायचे. एप्रिल १९४९मध्ये याच पद्धतीनं एका दिवसात १२,९४१ टन माल उतरला.