सुट्टीत कुणी कारण विचारत नाही

मित्रहो,

आधी एक वचन देतो. आज दुसऱ्या लेखकांच्या ज्या पुस्तकांविषयी मी बोलेन, त्यांतला खुनी कोण हे सांगणार नाही. व्याख्यान संपल्यावर बाहेर गाठून विचारलंत तरी नाही. रहस्यकथा वाचणाऱ्यांत एवढी सभ्यता तरी हवी.

विषय आहे उन्हाळ्याच्या सुट्टीत घडणाऱ्या कोझी मिस्टरीज. ‘कोझी’ म्हणजे उबदार, पांघरुणात शिरून वाचण्याजोगं. भर उन्हातल्या गोष्टीला उबदार म्हणणं जरा विनोदीच, पण मराठीत दुसरं नाव रुळलेलं नाही, तेव्हा कोझीच म्हणू या. या कथांमध्ये खून होतो, पण रक्ताचे सडे दिसत नाहीत. शोध घेणारा बहुधा हौशी असतो. कुणी निवृत्त बाई, कुणी ग्रंथपाल. माणसं मोजकी आणि एकमेकांच्या नजरेतली. शेवटी उलगडा होतो आणि विस्कटलेली घडी पुन्हा बसते. अमेरिकेतलं ‘मॅलिस डोमेस्टिक’ नावाचं संमेलन १९८९ पासून याच कुळातल्या पुस्तकांना ‘अगाथा’ पुरस्कार देत आलं आहे. अगाथा म्हणजे अर्थातच अगाथा ख्रिस्ती, इंग्लंडची रहस्यकथाकार. तिचा नायक पॉयरो पेशानंच डिटेक्टिव्ह, त्यामुळे काटेकोर व्याख्येत तो बसत नाही. पण घराण्याचं मूळ तिथंच आहे, आणि मूळपुरुषाला कुणी नियम लावत बसत नाही.

आता मुद्द्यावर येतो. सुट्टीतली रहस्यकथा हातात आली, की मी तिची एक परीक्षा घेतो. जुलैतला तो खून मनातल्या मनात जानेवारीत नेऊन पाहतो. समुद्रकिनाऱ्याच्या जागी शहरातली इमारत ठेवतो. एवढं करूनही कथा जशीच्या तशी उभी राहिली, तर समजायचं की सुट्टी फक्त मुखपृष्ठावर होती. छत्री, टोपी, निळं पाणी, संपलं. चांगल्या कथेत सुट्टी काढून घेतली तर खूनच करता येत नाही.

‘ईव्हिल अंडर द सन’ घ्या. ख्रिस्तीबाईंची १९४१ सालची, पॉयरोची कादंबरी. इंग्लंडमधल्या डेव्हनच्या किनाऱ्यालगतच्या बर्ग आयलंडवर तिचं बेट बेतलेलं आहे. भरतीला हे बर्ग बेट मुख्य भूमीपासून तुटतं, ओहोटीला वाळूवरून चालत जाता येतं. पहिल्याच प्रकरणात पाहुणे गप्पा मारत बसलेले असतात की अशा रम्य ठिकाणी कसला आलाय गुन्हा! पॉयरोला ते पटत नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : तुमच्या शत्रूला तुम्ही त्याच्या घरी किंवा कचेरीत गाठलंत, तर तिथं का आलात याचं कारण द्यावं लागेल. समुद्रकिनारी ते लागत नाही. ऑगस्ट आहे, ऑगस्टमध्ये लोक समुद्रावर जातात, झालं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून काही वेळ नुसता बसून राहिलो. सुट्टी ही स्वतःच एक अॅलिबी आहे, म्हणजे संशय टाळायची सबब, आणि ती कॅलेंडरनं सगळ्यांना आयती दिलेली आहे. बरं, हे कॅलेंडरही काही आभाळातून पडलेलं नव्हतं. इंग्लंडमध्ये १८७१च्या कायद्यानं बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या, आले, त्यांत ऑगस्टचा पहिला सोमवार होता. १९३८ साली पगारी रजेचा कायदा झाला. सुट्टीच्या हॉटेलांत अनोळखी माणसं एकाच जिन्यानं वरखाली करू लागली, एकाच खोलीत जेवू लागली, आणि ‘तुम्ही इथं कसे?’ हा प्रश्न नुसता शिष्टाचारापुरता उरला. लेखकाला आणखी काय हवं?

त्याच प्रकरणात वाळूवर ओळीनं पहुडलेल्या माणसांकडे पाहून पॉयरोला शवागाराची आठवण होते. सगळे सारखेच दिसतात, म्हणतो. वाचताना हसू येतं आणि आपण पुढे जातो. जाऊ नका! ख्रिस्तीबाईंचा विनोद हा फार क्वचित नुसता विनोद असतो. यापुढे बोललो तर मघाचं वचन मोडेल.

वाचण्याचा विषय निघालाच आहे, तर माझी एक सवय सांगतो. अशी कादंबरी वाचताना मी आधी पाहतो, की इथं सुट्टीवर नसलेलं कोण आहे. पाहुण्यांसाठी ही मौज असते. पण खोल्या झाडणारी, टॉवेल धुणारी, होड्या भाड्यानं देणारी माणसं याच दिवसांत सर्वांत जास्त राबतात. पाहुणा आपण कोण हे हवं तसं सांगू शकतो. निवृत्त कर्नल म्हणा, विधवा म्हणा, कोण तपासणार? पण कुठल्या खोलीतला दुसरा पलंग रोज न चुरगळलेला असतो, हे साफसफाई करणाऱ्या बाईला ठाऊक असतं. कितीतरी लेखक या बाईला ट्रे घेऊन आत आणतात, किंचाळायला लावतात आणि बाहेर पाठवतात. मला तर कधीकधी वाटतं, शोध तिनंच घ्यावा.

ख्रिस्तीबाईंच्याच मिस मार्पलची, त्या म्हाताऱ्या हौशी शोधक बाईची, गंमत वेगळी. ‘अ कॅरिबियन मिस्टरी’मध्ये (१९६४) भाचा तिला हवापालटासाठी बेटावर पाठवतो आणि ती चक्क कंटाळते. रोज तेच ऊन, तेच माड, घडत काहीच नाही. मग एक बडबडे मेजर तिला एका खुन्याचा फोटो दाखवायला निघतात, तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहतात आणि फोटो घाईघाईनं पाकिटात सरकवतात. हे सुरुवातीलाच आहे, म्हणून सांगितलं. कंटाळलेलं माणूस आजूबाजूला फार बारकाईनं पाहतं. कामात बुडालेल्या बाईनं मेजरची नजर टिपलीच नसती. म्हणजे सुट्टीनं खुन्याची सोय केली, तशी शोधणाऱ्याचीही केली.

मालिका लिहिणाऱ्यांची तर सुट्टीवाचून सुटकाच नाही. ‘मर्डर, शी रोट’ ही एका हौशी शोधक लेखिकेची अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका १९८४ ते १९९६ अशी बारा वर्षं चालली. तिच्या एवढ्याशा कॅबट कोव्ह गावात इतकी माणसं मेली, की ते गाव थट्टेचा विषय झालं. एकाच गावात मारणार तरी किती? मग नायिकेला प्रवासाला पाठवायचं, नाहीतर गावात पर्यटक आणायचे. पर्यटक संपत नाहीत.

आता लिहिणाऱ्यांसाठी थोडं, आणि इथं मी रेंगाळणार आहे, कारण सगळी मजा धाग्यादोऱ्यांत आहे. उन्हाळा हा पुराव्यांचं कोठार आहे. उन्हानं भाजलेली कातडी लगेच लाल होत नाही. काही तास जातात, आणि पुरता लालपणा यायला अर्धा ते एक दिवस लागतो. म्हणजे सकाळी न्याहारीला लालबुंद चेहऱ्यानं आलेला माणूस ‘काल दिवसभर खोलीत झोपून होतो’ म्हणाला, की वाचकाला त्याची लबाडी कळायला हवी. तुम्ही मात्र ते सांगायचं नाही. ‘बिचाऱ्याला शर्टाची कॉलर टोचत होती’ एवढंच लिहायचं. उत्तर युरोपात जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो. तिथं ‘नऊ वाजता अंधारात चेहरा दिसला नाही’ म्हणणारी साक्षीदार खोटं बोलते आहे. सुट्टीत लोक घड्याळ काढून ठेवतात, म्हणून सगळ्यांच्या वेळा अंदाजपंचे. बोटावरचा अंगठीचा पांढरा वण तेवढा आता कृपा करून नको. त्याची पेन्शन सुरू झाली आहे.

तेच फटाक्यांचं. अमेरिकेत ४ जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या, आतषबाजीत बंदुकीचा आवाज लपवणं इतकं गुळगुळीत झालंय, की पहिला बाण उडाला की वाचक प्रेत मोजायला घेतो. आवाज विसरा. आतषबाजीत गावातली झाडून सगळी माणसं एका जागी उभी असतात आणि एकही माणूस समोर पाहत नसतो, सगळ्यांच्या माना वर. ‘आम्ही सगळे एकत्र होतो’ हे खरं असतं, आणि शेजारी कोण होतं हे कुणालाच धड आठवत नाही. यातून काही तरी काढा.

आणि हे सगळं वाचकासमोर उघड ठेवून. रोनाल्ड नॉक्स या पाद्र्यानं १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम केले. त्यांतले काही आज हास्यास्पद वाटतात, पण हाती लागलेला दुवा वाचकापासून लपवू नये हा नियम अजून शाबूत आहे. धागा दाखवायचा, फक्त वाचकाचं लक्ष तेव्हा दुसरीकडे असावं.

समुद्राचं मात्र जपून. डोरोथी सेयर्सच्या ‘हॅव हिज कार्कस’मध्ये (१९३२) नायिका हॅरिएट व्हेन पायी भटकंतीच्या सुट्टीवर असताना तिला खडकावर प्रेत दिसतं. भरती चढत असते, म्हणून ती फोटो काढून ठेवते. पुढे प्रेत पाण्यानं गिळलेलं. भरती म्हणजे अशी. ती कुणासाठी थांबत नाही, आणि लेखकासाठी तर नाहीच.

हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो. माझ्या एका कादंबरीच्या कच्च्या खर्ड्यात पाहुणे शनिवारी दुपारी बाराला धक्क्यावरून भरतीच्या पाण्यात उड्या मारतात. पुढच्या शनिवारी, बरोबर बाराला, पुन्हा तसंच. मी खर्डा एका ओळखीच्यांना वाचायला दिला, त्यांचं सगळं आयुष्य होड्यांवर गेलेलं. त्यांनी समासात एकच वाक्य लिहून परत केला : ‘चिखलात उडी मारली का?’ भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत जवळजवळ सहा तास. म्हणजे दुसऱ्या शनिवारी बाराच्या सुमाराला तिथं पूर्ण ओहोटी असणार. दीडशे पानं त्या उडीवर उभी होती.

दोन दिवस मी त्या खर्ड्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी ते प्रकरण काढलं, उडी तशीच ठेवली, वेळही तीच ठेवली. फक्त ती हकीकत निवेदकाच्या तोंडून काढून एका पाहुण्याच्या जबानीत घातली. ‘शनिवारी बाराला मी धक्क्यावरून पोहत होतो, पाणी काय सुंदर होतं!’ तो आदल्या आठवड्याच्या आठवणीवरून बोलतो आहे, आणि तिथं टॉवेल वाळत घालणारी बाई हातातला चिमटा तसाच धरून त्याच्याकडे पाहते.

घ्या, दुसऱ्यांचे खुनी लपवले आणि स्वतःचा सांगून बसलो.