नोकरीसोबत आलेली किल्ली

[दृश्य: अरुंद गल्ली, दुमजली अपार्टमेंट, बाहेरून लोखंडी जिना, खाली सायकली]

२००७ चा सप्टेंबर, जपान. दाराच्या फटीतून एक कागद आत सरकवलाय. वर शिक्का, खाली शिक्का, मधे सगळं जपानी. घरात तीन जण राहतायत, समजा एक ऑस्ट्रेलियाचा, एक कॅनडाचा, एक इंग्लंडचा, तिघेही इंग्रजी शिकवतात आणि तिघांनाही हा कागद वाचता येत नाही. लाईट बिल असेल म्हणून फ्रीजवर ठेवून देतात. मग कधीतरी कोणीतरी वाचून सांगतं की बाबांनो, भाडं थकलंय, घर खाली करायला सांगितलंय.

आणि भाडं तर दर महिन्याला पगारातून कट होत होतं ना!

हे तिघे मी डोळ्यासमोर आणलेत, पण अशा नोटिसा त्या महिन्यांत खरंच आल्या होत्या, आणि एकदोघांना नाही. कंपनीचं नाव नोवा. जपानमधली त्या वेळची सगळ्यात मोठी इंग्लिश क्लासची चेन. त्यांची गोष्ट सांगतोच, पण आधी एक बेसिक प्रश्न. शिक्षकाला घर द्यायच्या भानगडीत कंपनी मुळात पडते कशाला?

[दृश्य: प्रॉपर्टी एजंटच्या दुकानाची काच, घरांचे नकाशे चिकटवलेले]

आपल्याकडे क्वार्टर म्हटलं की लगेच कळतं. रेल्वे क्वार्टर, पोलीस लाईन, साखर कारखान्याची कॉलनी. स्थळ बघताना सुद्धा सांगतात, मुलाला क्वार्टर आहे हो. आणि रिटायरमेंट जवळ आली की त्याच घरात रात्रीची झोप उडते तेही आपल्याला माहितीये. जपानमधे परदेशी शिक्षकाला क्वार्टर लागतं त्याचं कारण मात्र वेगळंय. तिथे घर भाड्याने घेणं म्हणजे खिशाला भोक.

हिशोब सांगतो. समजा ६० हजार येन भाड्याची खोली आहे. पहिल्यांदा शिकिकिन, म्हणजे आपलं डिपॉझिट, एक दोन महिन्यांचं. मग रेइकिन. हा प्रकार मला अजून पचलेला नाही, घरमालकाने तुम्हाला घर दिलं म्हणून त्याला आभाराचे पैसे द्यायचे, एक किंवा दोन महिन्यांच्या भाड्याएवढे, आणि ते परत मागायचे नाहीत. मग एजंटचा एक महिना. मग पहिल्या महिन्याचं भाडं अ‍ॅडव्हान्स. सगळं मिळून पाच महिन्यांचं भाडं धरलं तर ३ लाख येन, आणि किल्ली मिळून आत गेलात की कळतं की घर म्हणजे नुसत्या भिंती, कित्येकदा छताला दिवाही नसतो आणि गॅसची शेगडीही तुमची तुम्हीच आणायची.

बरं पैसे आहेत असं धरू. मग होशोनिन पाहिजे. म्हणजे जामीन राहणारा माणूस, शक्यतो जपानी. विमानातून काल उतरलेल्या पोराने जामीन आणायचा कुठून? शिवाय कित्येक मालक परदेशी म्हटलं की सरळ नाही म्हणतात. जपान सरकारच्या न्याय मंत्रालयानेच २०१७ मधे एक सर्व्हे जाहीर केला होता, त्यात मागच्या पाच वर्षांत घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी ३९.३ टक्के लोकांनी सांगितलं की तुम्ही जपानी नाही म्हणून घर नाकारलं. मुंबईत आडनाव ऐकून फोन ठेवणारे एजंट ज्यांनी बघितलेत त्यांना हे काही नवीन वाटणार नाही.

टोकियोच्या निशी-कासाई भागात आपले भारतीय आयटीवाले एवढे का जमले त्यामागचं एक कारण पण हेच बघा. तिथे यूआर म्हणून सरकारी संस्थेच्या बिल्डिंगा आहेत, त्यांना रेइकिन नको, जामीन नको, पगाराचा कागद दाखवला की झालं. त्याच वस्तीत राहून पुण्याचे योगेंद्र पुराणिक २०१९ मधे तिथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून गेले. जिथे घर मिळतं तिथेच वस्ती होणार, साधी गोष्ट आहे.

[दृश्य: स्टेशनबाहेरचे बोर्ड, एक मोठा गुलाबी ससा]

तर इंग्लिश क्लासवाल्यांनी हा सगळा व्याप स्वतःच्या अंगावर घेतला. या, फक्त बॅग घेऊन या, घर आमच्याकडे. बावीस तेवीस वर्षांच्या, नुकतंच कॉलेज संपलेल्या, एज्युकेशन लोनचे हप्ते चालू असलेल्या पोरापोरींना अजून काय पाहिजे.

नोवा सुरू झाली १९८१ मधे, ओसाकाला. त्यांची टॅगलाईन होती एकिमाए र्यूगाकू, म्हणजे स्टेशनसमोरच फॉरेनचं शिक्षण. भारी टॅगलाईन आहे, मानलं पाहिजे. ऑफिस सुटलं, लोकल पकडायच्या आधी चाळीस मिनिटं परदेशात जाऊन या. चोचीसारखं तोंड असलेला गुलाबी ससा त्यांचा मॅस्कॉट, लहान पोरं त्याच्यासाठी वेडी होती. भरात असताना देशभर ९०० च्या वर शाखा, लाखोंनी विद्यार्थी, आणि परदेशी शिक्षक सुमारे ४,०००. ह्या ४,००० पैकी बरेच जण कंपनीने लावून दिलेल्या फ्लॅटमधे.

फ्लॅट म्हणजे काय, दोन किंवा तीन शिक्षक एका ठिकाणी, प्रत्येकाला एक खोली, किचन बाथरूम कॉमन. जपानमधे खोली मोजतात ताताम्यांवर, म्हणजे त्या गवताच्या चटया असतात ना त्या किती बसतात त्यावर. सहा ताताम्यांची खोली म्हणजे आपले १०० स्क्वेअर फूट धरा. झोपायला जमिनीवर फुतोन, सकाळी घडी करून कपाटात. चाळीत वाढलेल्या माणसाला ह्यात काहीच अवघड नाही, पण मेलबर्नला अंगण असलेल्या घरातून आलेल्या पोराचं तोंड बघण्यासारखं होत असणार.

शिक्षकांची जुनी तक्रार अशी की तिघांच्या पगारातून कापलेलं भाडं एकत्र केलं तर त्या फ्लॅटच्या बाजारभावापेक्षा जास्त भरतं. म्हणजे घर ही सोय पण आणि धंदा पण. तरी लोक राहायचे, कारण बाहेर पडायचं तर ते ३ लाख येन परत उभे राहतात, आणि पगार महिन्याला अडीच लाखाच्या आसपास.

आणि अजून एक नियम होता जो मला भाड्यापेक्षा जास्त खटकतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना क्लासच्या बाहेर भेटायचं नाही. चहा नाही, जेवण नाही, मैत्री नाही. ओसाकाच्या वकील संघटनेने २००४ मधे सांगितलं होतं की हे माणसाच्या हक्काविरुद्ध आहे, बंद करा. आता विचार करा, दिवसभर इंग्रजीत बोलायचं, घरी गेलं की घरातले पण तेच सहकारी, इंग्रजीच, आणि ज्या जपानी लोकांशी रोज ओळख होते त्यांना बाहेर भेटायची बंदी. मग माणूस जपानमधे दोन वर्षं राहून जपानच्या बाहेरच राहतो. दारात आलेला कागद वाचता येत नाही ह्यात त्या पोरांचा आळशीपणा असेलही थोडा, पण घर, काम, माणसं सगळं एकाच कंपनीच्या हातात होतं.

[दृश्य: बंद शटर, त्यावर चिकटवलेली सूचना, समोर उभे विद्यार्थी]

आता २००७. नोवाचा धंदा चालायचा आगाऊ पैशांवर. विद्यार्थी शेकडो लेसनचं पॅकेज एकदम विकत घ्यायचा, जितकं मोठं पॅकेज तितका एक लेसन स्वस्त. मधेच सोडलं तर रिफंड देताना कंपनी हिशोब असा लावायची की हातात फार काही पडायचं नाही. एप्रिल २००७ मधे जपानच्या सुप्रीम कोर्टाने हा हिशोब चुकीचा ठरवला. जूनमधे उद्योग मंत्रालयाने एक वर्षावरची नवी पॅकेजेस सहा महिने विकायला बंदी घातली. झालं, नवीन पैसा यायचा थांबला आणि रिफंड मागणाऱ्यांची रांग लागली.

सप्टेंबरला शिक्षकांचे पगार उशिरा झाले. ऑक्टोबरचे झालेच नाहीत. आणि त्याच काळात कळायला लागलं की पगारातून कापलेलं भाडं सुद्धा मालकांपर्यंत पोचलेलं नाही. कापलं हे नक्की, स्लिपवर आकडा आहे.

इथे कायदा काय म्हणतो ते बघण्यासारखं आहे. जपानच्या कामगार कायद्याचं २४ वं कलम सांगतं की पगार पूर्ण द्यायचा, थेट द्यायचा. त्यातून घरभाडं कापायचं असेल तर कामगारांच्या प्रतिनिधीशी लेखी करार पाहिजे. पण कापून घेतल्यावर ते पैसे पुढे गेले का हे त्या सहा ताताम्यांच्या खोलीत बसून कळणार कसं? त्यातून भाडेकराराच्या कागदावर नाव कंपनीचं. जपानमधे भाडेकरूला चांगलं संरक्षण आहे, मालक उठसूट बाहेर काढू शकत नाही. पण कायद्याच्या भाषेत भाडेकरू कोण, तर नोवा. तू कोण? तू नोवाचा माणूस, तिच्या घरात राहणारा. भाडं तुझ्या खिशातून, नाव तिचं, आणि बॅग भरायची वेळ आली की परत तू.

२५ ऑक्टोबरच्या रात्री संचालकांनी कंपनीचे अध्यक्ष नोझोमु साहाशी यांना काढून टाकलं आणि २६ तारखेला कंपनी दिवाळखोरीपासून संरक्षण मागायला ओसाकाच्या कोर्टात गेली. कर्ज सुमारे ४,३९० कोटी येन. सकाळी शिक्षक कामावर गेले तर शटर बंद.

मग काही दिवसांनी जे झालं ते एखाद्या पिक्चरमधे दाखवलं असतं तर आपण म्हटलं असतं जरा जास्तच झालं. कोर्टाने नेमलेल्या लोकांनी साहाशींचं ओसाकाचं ऑफिस पत्रकारांना उघडून दाखवलं. आत काय, तर मागच्या बाजूला बेडरूम, डबलबेड, सॉना, आणि चहाच्या पारंपरिक विधीसाठी वेगळी ताताम्यांची खोली. आणि त्याच आठवड्यात त्यांचे शिक्षक मित्राच्या सोफ्यावर झोपायला जागा शोधतायत. (पुढे २००९ मधे साहाशींना शिक्षा झाली, कर्मचाऱ्यांच्या कल्याण निधीतले ३२ कोटी येन रिफंडसाठी वळवल्याबद्दल. अपिलात ती कमी झाली. सॉनाबद्दल काही कलम नव्हतं.)

[दृश्य: छोट्या किचनमधे जेवणाचं टेबल, वही, दोन माणसं]

शिक्षकांचं पुढे काय झालं? क्वांटास विमान कंपनीने ऑस्ट्रेलियात परतणाऱ्यांना कमी भाड्यात तिकिटं दिली, काही जण गेले. काहींनी दुसरे क्लास गाठले. जपानमधे एक बरं आहे, व्हिसा कंपनीला बांधलेला नसतो, त्याच प्रकारचं काम दुसरीकडे मिळालं तर राहता येतं. थकलेल्या पगारासाठी सरकारची एक योजना आहे, कंपनी बुडाली तर ठरावीक मर्यादेत ८० टक्क्यांपर्यंत पगार सरकार देतं, पण ते पैसे यायला वेळ लागतो आणि पोट तर आजच भूक लागली म्हणतं. म्हणून टोकियोच्या युनियनने एक मोहीम काढली. जेवण द्या, इंग्रजी शिकवतो. आणि विद्यार्थ्यांनी, ज्यांचे स्वतःचे हजारो लाखो येन बुडाले होते, त्यांनी शिक्षकांना जेवायला घातलं. म्हणजे कंपनी मेल्यावर शिक्षक आणि विद्यार्थी पहिल्यांदा एकमेकांच्या ताटाशी बसले. इतकी वर्षं ज्याला बंदी होती ते.

कंपनीचे क्लास दुसऱ्याने घेतले, नोवा हे नाव आजही स्टेशनसमोर दिसतं, ससा पण आहे.

[दृश्य: सोलची उंच बिल्डिंग, दाराला नंबरचं कुलूप]

शेजारी कोरियात तर घर फुकट मिळतं. तिथल्या खाजगी क्लासला हागवॉन म्हणतात, करारात एका खोलीचं घर बहुतेक वेळा असतंच, वन-रूम म्हणतात त्याला. खालून गरम होणारी फरशी, आंघोळीला वेगळी जागा नाही, अख्खं बाथरूमच भिजतं, म्हणजे आपल्यासारखंच, त्यात अमेरिकन लोक एवढे व्हिडिओ का बनवतात कळत नाही. फुकट का, तर तिथलं डिपॉझिट ५० लाख, १ कोटी वॉन असं असतं, नवीन माणूस आणणार कुठून. पण तिथे इंग्रजी शिकवायचा ई-टू व्हिसा त्या एका नोकरीला जोडलेला. मधेच बिनसलं तर नोकरी, घर आणि व्हिसा तिन्ही एकाच दोरीला. एक वर्ष पूर्ण झालं की कायद्याने एक महिन्याचा जादा पगार द्यावा लागतो, म्हणून अकराव्या महिन्यात काढून टाकलं अशी तक्रार तिथल्या शिक्षकांच्या तोंडून बऱ्याचदा ऐकू येते. अकराव्या महिन्यात, म्हणजे घरासकट.

[दृश्य: डोंगर, भातशेती, दोन मजली जुनी सरकारी इमारत]

परत जपान, पण गावाकडचं. १९८७ पासून परदेशी लोकांना इंग्रजी शिकवायला आणणारी सरकारची जेट नावाची योजना आहे, पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ जण आले होते. हे सरकारी शाळांत जातात. लांबच्या गावात बऱ्याचदा शिक्षकांसाठी बांधलेलं सरकारी घर मिळतं, भाडं काही ठिकाणी महिन्याला नुसतं काही हजार येन. थंडीत भिंतीतून वारा येतो आणि मोरीतून कधी काय बाहेर येईल सांगता येत नाही. घर तेच, शिक्षक बदलत राहतात. त्यामुळे आधीच्याची सायकल, आधीच्याच्या कढया, कोणीतरी पाच वर्षांपूर्वी आणलेली हळदीची बाटली, सगळं पुढच्याच्या गळ्यात. कधी कधी त्याची खटारा गाडी पण, पैसे देऊन.

आणि फ्रीजवर बहुतेक एक कागद असतो, इंग्रजीत, हाताने लिहिलेला. कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा. गीझर कसा पेटवायचा. शेजारच्या आजी दारात मुळे ठेवून जातील, घाबरू नकोस, डबा धुऊन परत दे.