सव्वा मीटरची बार्शी लाइट

नमस्कार मंडळी. मी बोलायला उभा राहिलोय, पण तुमचं सगळ्यांचं लक्ष टेबलावरच्या या फळीकडे, म्हणजे तिच्यावरच्या माझ्या मॉडेल रेल्वेकडे आहे. चालेल, माझी तक्रार नाही. 120 सेंटीमीटर लांब, 30 सेंटीमीटर रुंद. एरवी ही आमच्या घरी चपलांच्या कपाटावर असते. आज बायकोने एक टोक धरलं, मी दुसरं, आणि रिक्षात आडवी मांडीवर घेऊन आम्ही ती इथवर आणली. आराखडा करताना माझी पहिली अटच ती होती: रिक्षात मावली पाहिजे.

ही अट सुचायला मला दोन वर्षं लागली, ते आधी सांगतो.

मी दहा वर्षांचा असताना जहाजावर नोकरीला असलेल्या मामाने लंडनहून एक रेल्वेचा सेट आणला होता. हिरवं इंजिन, तीन डबे, लंबगोल रूळ. दहावीपर्यंत खेळलो, मग तो ट्रंकेत गेला आणि चाळीस-एक वर्षं तिथेच राहिला. निवृत्त झाल्यावर काढून बघतो तर रूळ काळे पडलेले आणि इंजिनातलं ग्रीस मेणासारखं थिजलेलं. वीज दिली की नुसतं गुणगुणायचं, जागचं हलायचं नाही. कानकोरणीचा कापूस स्पिरिटमध्ये बुडवून चाक न् चाक पुसलं, चाकं जोडणाऱ्या धुऱ्यांवर तेलाचा एकेक थेंब सोडला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते निघालं. एक फेरी मारली, मी टाळ्या वाजवल्या. दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला मला कंटाळा आला.

याचं मला फार वाईट वाटलं. दहा वर्षांचा असताना तासन् तास कंटाळलो नव्हतो, मग आताच काय झालं? पुष्कळ विचार केल्यावर लक्षात आलं की तेव्हा मी जमिनीवर पालथा पडून, गाल फरशीला टेकवून बघायचो. इंजिन अंगावर यायचं. आता मी खुर्चीत बसून वरून बघत होतो, म्हणजे गच्चीवरून वरात बघावी तसं. गुडघे आता जमिनीवर जाऊ देत नाहीत, तेव्हा जमीनच वर आणायची. म्हणून चपलांचं कपाट. समोर स्टूल घेऊन बसलं की रूळ बरोबर डोळ्यांच्या रेषेत येतात.

पण तो शहाणपणा नंतरचा. आधी मी आलेखाच्या वहीत काय काय काढलं होतं! भोर घाट, बोगदे, दुहेरी मार्ग, मोठं टर्मिनस आणि अर्थातच डेक्कन क्वीन. या छंदात परत येणारा प्रत्येक जण बहुधा हेच करतो. लहानपणी जे जे मिळालं नाही ते सगळं एका फळीवर मांडायला निघतो. मग पट्टी घेऊन बसलो. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या कारखान्यातला प्रवासी डबा 21 मीटरहून थोडा लांब असतो. मॉडेल रेल्वेतलं ‘एचओ’ प्रमाण 1:87, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं, म्हणजे मॉडेलमध्ये तो साधारण साडेचोवीस सेंटीमीटर. पाच डबे जोडले की फळी संपली आणि इंजिन हवेत. घाटाचंही तेच. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर सात-साडेसात सेंटीमीटर उंची लागते. भोर घाटाचा चढ आहे 37 ला 1, म्हणजे 37 पुढे गेलं की 1 वर. त्या चढाने साडेसात सेंटीमीटर वर जायला पावणेतीन मीटर लांबी हवी. माझ्या हॉलची भिंत तेवढी आहे, पण तिथे सोफा आहे आणि सोफ्याबद्दल आमच्या घरी चर्चा होत नाही.

शिवाय आपल्या ब्रॉडगेजची मुळातच एक अडचण आहे. आपली दोन रुळांमधली रुंदी 1676 मिलिमीटर. 1:87 ने भागा, 19.3 येतात. बाजारात मिळणारा एचओ रूळ 16.5 मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या 1435 ला बेतलेला. म्हणजे भारतीय इंजिन त्यावर उभं केलं की खाली पाय आखडून बसल्यासारखं दिसतं. अनेकांना त्याने फरक पडत नाही. मला पडतो, काय करणार!

मग सगळे म्हणाले, माथेरान करा. कल्पना छानच. पण माथेरानचा रूळ दोन फुटी, 610 मिलिमीटर. 87 ने भागलं की सात मिलिमीटर येतात, आणि छोट्या गाडीसाठी सहज मिळणारा रूळ आहे नऊचा. आता उलटं करून बघू. 9 गुणिले 87 म्हणजे 783. त्याच्या जवळपास कोणती रेल्वे? अडीच फुटी, 762 मिलिमीटर. आणि अडीच फुटी म्हटल्यावर माझ्या डोक्यात दिवा लागला, कारण माझं आजोळ बार्शी.

तुमच्यातले सोलापूरकडचे लोक हसतायत. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाइट ही अडीच फुटी रेल्वे उभी केली. 1897 साली ती सुरू झाली, 1906 ला पंढरपूरला पोचली, 1911 ला लातूरला, 1927 ला मिरजेला. कॅलथ्रॉपचं गणित असं की प्रत्येक धुरीवर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, मग ते इंजिन असो की वाघीण, म्हणजे मालाचा डबा. भार सगळीकडे सारखा वाटला गेला की हलका रूळही पुरतो आणि छोटी गाडी भरपूर माल ओढते. ही गाडी इकडे पाठवण्याआधी त्याने लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून ती लोकांना चालवून दाखवली होती. आषाढीला वारकरी नेणारी ती हीच गाडी. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसायचो. बाजूला हमाल एका गाडीतली पोती दुसऱ्या गाडीत टाकत असायचे. आता तिथे सगळं ब्रॉडगेज झालंय.

तर जागा ठरली. पण गाडीने करायचं काय? माझ्या मते आराखड्याची सुरुवात याच प्रश्नापासून करायला हवी. रूळ कुठून कुठे जातो ते नंतर ठरतं, रविवारी संध्याकाळी तासभर माझे हात काय करणार ते आधी. गोल फिरवायचं नसेल तर शंटिंग उरतं, म्हणजे डबे पुढे-मागे करून हव्या त्या जागी लावणं. अ‍ॅलन राइट या ब्रिटिश छंदिष्टाने त्यासाठी ‘इंगलनूक’ नावाची एक मांडणी केली होती. दोन सांधे, म्हणजे रूळ फुटायच्या जागा, आणि तीन सायडिंग, म्हणजे बाजूचे बंद रूळ. एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोघांत तीन-तीन. सांध्यांच्या अलीकडे, डोक्याकडच्या रुळाच्या तुकड्यावर इंजिन आणि तीन वाघिणी. एकूण वाघिणी आठ. त्यांतल्या सांगितलेल्या पाच, सांगितलेल्या क्रमाने जोडून द्यायच्या. असे क्रम किती होतात? आठ गुणिले सात गुणिले सहा गुणिले पाच गुणिले चार, म्हणजे 6720. रोज एक लावला तरी अठरा वर्षं पुरेल. माझं वय बघता पुरेसं आहे.

मी त्याला बार्शीचे कपडे चढवले. लांब सायडिंग म्हणजे फलाट, दुसरं मालधक्का, तिसरं कापसाच्या जिनिंगमध्ये जाणारं.

आणि मग पैसे खर्च करण्याआधी मी जे केलं, ते तुम्हीही करा. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आठ पट्ट्या केल्या. कपलिंगसकट वाघिणीच्या मापाच्या, नऊ सेंटीमीटर. इंजिनाची दहा. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर स्केचपेनने रूळ आखले आणि बोटाने पुठ्ठे ढकलत आठवडाभर शंटिंग केलं. नातू म्हणाला, “आजोबा, आवाज काढा ना.” तोही काढला. त्या आठवड्यात कळलं की डोक्याकडचा तुकडा मी दोन सेंटीमीटर आखूड धरला होता. तिसरी वाघीण सांध्यावरच अडकायची. रूळ चिकटवून झाल्यावर हे कळलं असतं तर?

फळीच्या बाबतीत मात्र फसलो. सहा मिलिमीटरचा प्लाय स्वस्तात मिळाला, खालून आधार न देताच वापरला. पावसाळ्यात तो पापडासारखा उचलला गेला आणि वाघिणी आपोआप जिनिंगकडे घरंगळायला लागल्या. आता बारा मिलिमीटरचा आहे, खाली कडेने लाकडी पट्ट्या आणि मध्ये दोन आडव्या.

वीज साधी, बारा व्होल्ट. प्रत्येक इंजिन वेगळं चालवता येणाऱ्या डिजिटल पद्धतीचा मोह झाला होता, पण एकच इंजिन असताना कशाला? खरी मेख सांध्यात असते. दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात तो तुकडा स्वस्तातल्या सांध्यात प्लास्टिकचा असतो. लांब इंजिन त्यावरून वेगात निघून जातं. आपलं छोटं इंजिन, तेही शंटिंगच्या गोगलगायी वेगाने, नेमकं तिथे मरतं. मग बोटाने ढकला! सगळी मजा गेली. म्हणून तो तुकडाही धातूचा आणि वीज मिळणारा असेल असेच सांधे घ्या. काटकसर झाडांत करा. माझ्या बाभळी घासणीच्या काथ्याच्या आहेत आणि खडी म्हणजे चहाच्या गाळणीतून चाळलेली वाळू. चमच्याने पसरायची, कुंचल्याने स्लीपरांच्या मध्ये सारायची, मग पाणी घातलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडायचा. त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर वाळूवर गोळ्या होऊन बसतो.

बार्शीचं तयार इंजिन विकत मिळत नाही. हे जे दिसतंय त्याच्या पोटात जपानी एन गेजच्या, म्हणजे याच नऊ मिलिमीटर रुळावरच्या गाडीची मोटर आणि चाकं आहेत, वरचं अंग मी प्लास्टिकच्या पत्र्यातून कापलंय. जवळून पाहिलंत तर धुराडं किंचित वाकडं दिसेल. जवळून पाहू नका.

कुर्डुवाडी मला फार हवी होती. मोठी गाडी, छोटी गाडी, मध्ये हमाल. दोनदा आखली, दोनदा खोडली. 30 सेंटीमीटरमध्ये ती बसते, पण मग श्वास घ्यायला जागा राहत नाही. त्यापेक्षा ही उजवीकडची 14 सेंटीमीटर मोकळी जमीन ठेवली. तिथे फक्त एक बैलगाडी आहे.

बरं, हे आठ पत्ते. प्रत्येकावर एका वाघिणीचा नंबर आहे. ताई, तुम्ही पहिल्या रांगेत आहात, तुम्हीच पिसा आणि पाच काढा. दादा, तेवढा मागचा पंखा बंद करता का? रिकाम्या वाघिणी हलक्या आहेत.