दहा माशांचं पान

हे गंजिफाचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या जुन्या खेळातलं, मत्स्य अवताराचं दश्शीचं पान. तळहातावर मावणाऱ्या गोलात दहा मासे बसवायचे, तेही असे की हातात धरल्यावर क्षणात मोजता यावेत. म्हणून आधी कडेची रेघ, मग माशांच्या जागा. अंदाजाने सुरुवात केली, तर नववा मासा कडेवर चढतो.

अकबराच्या काळच्या ‘आईन-ए-अकबरी’त 144 पानांचा, 12 रंगांचा (म्हणजे बारा गटांचा) संच वर्णिला आहे. त्यात घोड्यांचा अश्वपती, हत्तींचा गजपती, सापांचा अहिपती. वनपतीत राजाच्या जागी वाघ, प्रधान बिबट्या. त्याआधी 1527 साली बाबराने सिंधमध्ये शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद आहे.

दशावतारी संचात पानं 120. अवतार दहा, प्रत्येकाची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक ते दहा. मासा आणि कासव साध्या पानांवरही येतात. वराहाचं मुख, नृसिंहाची आयाळ बघायला राजाचं पान उलटावं लागतं.

आता पान कसं घडतं ते पाहू. हल्ली जाड कागदही वापरतात. जुनी रीत सुती कापडाची. चिंचोके रात्रभर भिजवायचे, टरफलं काढून वाटायचे, शिजवून खळ करायची. खळ पातळ राहिली तर थर सुटतात. खळीला कीड फार लवकर लागते, म्हणून चिमूटभर मोरचूद. थरावर थर चिकटवताना तळव्याने हवा बाहेर काढायची; फुगा राहिला की घोटताना कापड नेमकं तिथेच फाटतं. वाळवण सावलीत. कडक उन्हात पान वाटीसारखं वळतं आणि मग सरळ होत नाही.

त्यावर डिंकात कालवलेल्या पांढऱ्या रंगाचा हात. डिंक कमी पडला तर पोपडे निघतात, जास्त झाला तर तडे जातात. गुळगुळीत दगडाने घोटून झालं की गोल कापायचे, रंगवायचे, लाख चढवायची. लाखेमुळे पान सरकतं, हाताचा घाम आत मुरत नाही. पाठी मात्र 120च्या 120 सारख्या हव्यात. एका पाठीवर डाग राहिला, तर ते पान ओळखू येतं आणि सगळा संच खेळायला निकामी होतो. आम्हाला ही पानं काचेमागे नाही, हातात हवी आहेत. एवढी मेहनत हातासाठीच आहे.

सावंतवाडीत ही कला तिसऱ्या खेमसावंतांच्या दरबारात रुजली. पुढे छापील बावन्न पानं आली आणि चितारींची घरं या कामातून बाहेर पडली. 1970च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध पुंडलिक चितारींकडून ती पुन्हा शिकून घेतली, राजवाड्यात काम सुरू केलं. 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं.

गोल पानं पिसता येत नाहीत. चादरीवर पालथी पसरून दोन्ही हातांनी कालवतात. तीन खेळाडू, प्रत्येकी 40 पानं. पाच रंगांत दश्शी मोठी, पाच रंगांत एक्का. रात्री खेळ कृष्णाच्या रंगाने सुरू होतो, दिवसा रामाच्या.

खिडकीतून ऊन आलंय. पहिली उतारी रामाची.